नाट्यगृहाबाहेर नाट्यवाचन: जागा, संहिता आणि आवाज यांची जुळणी कशी करायची?

दुसरीघंटा

नमस्कार मंडळी. आमचा सहा जणांचा गट आहे, सगळे रंगमंचावर काम केलेले. आतापर्यंतची वाचनं छोट्या प्रायोगिक मंचांवर झाली आणि समोर बसणारीही नाटकातलीच माणसं होती. आता ज्यांनी नाट्यगृहाची पायरी कधी चढलेली नाही, त्यांच्यापर्यंत जायचं ठरवलं आहे. तीन जागांनी होकार दिलाय. एक, सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका (वाचनालय बंद झाल्यानंतर). दुसरी, दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज (संध्याकाळी काम आटोपल्यावर, रस्त्याच्या बाजूला शटर). तिसरी, रुग्णालयाचं बाह्यरुग्ण प्रतीक्षालय, तेही दिवसा.

नाटक दोन अंकी आहे, पात्रं ११. सलग वाचलं तर पावणेदोन तास लागतात. लेखकाने तोंडी होकार दिला आहे. नेपथ्य, वेशभूषा काही करायचं नाही. स्टँडवर संहिता ठेवून उभ्याने वाचायचं.

अडचणी अशा: कापायचं तर किती आणि काय? रंगसूचना सगळ्या वाचायच्या का? माइक लावायचा की नाही? लोक मध्येच उठून गेले तर नटांनी काय करायचं? आणि नंतर चर्चा ठेवावी का? ज्यांनी हे नेमाने केलंय त्यांनी तपशिलात सांगावं, ही विनंती.

संहितेचा कोपरा

आधी संमतीचं. तोंडी होकारावर थांबू नका, दोन ओळींचं का होईना, लेखी घ्या. तिकीट नसलं तरी लोकांसमोर केलेलं वाचन हा जाहीर प्रयोगच धरला जातो. संहिता कापायची असेल तर त्याची वेगळी परवानगी मागा, आणि कापलेली प्रत लेखकाला आधी दाखवा. भाषांतरित नाटक असेल तर मूळ लेखक आणि भाषांतरकार अशा दोघांचे हक्क असतात, हे बरेच गट विसरतात. ‘लेखक हयात नाही, म्हणजे नाटक मोकळं’ हेही खरं नाही. लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क टिकतो आणि अनेक देशांनी ती मुदत ६० किंवा ७० वर्षं केली आहे.

आता लांबी. नवख्या प्रेक्षकासाठी, विनामध्यंतर, ४० ते ५० मिनिटं. यापलीकडे जाऊ नका. कारण लोकांना कंटाळा येतो हे नव्हे. नेपथ्य, हालचाल, प्रकाश नसल्यामुळे ऐकणाऱ्याला सगळं मनात उभं करावं लागतं, ते दमवणारं काम आहे, आणि खुर्चीही नाट्यगृहातली नसते. पानं मोजून वेळ काढू नका. संवाद, विराम, निवेदन धरून मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात, म्हणजे ४५ मिनिटांना ५००० ते ५८०० शब्द. पहिल्या कापणीनंतर घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि त्या वेळेत दहा टक्के मिळवा. लोकांसमोर वाचताना हशा, खोकला, शांतता यांनी वेळ वाढतेच.

कापायचं कुठून? उपकथानक सबंध काढणं हे प्रत्येक प्रवेशातून चार-चार ओळी छाटण्यापेक्षा नेहमी बरं. ओळी छाटल्या की संवादाची लय जाते आणि वाचणाऱ्याला ‘इथे काहीतरी होतं’ असं सारखं जाणवत राहतं. ११ पात्रांपैकी ज्यांचं काम फक्त बातमी आणणं आहे ती पात्रं आधी शोधा. त्यांची बातमी निवेदकाच्या एका वाक्यात बसते.

रंगसूचनांचे दोन ढीग करा. प्रेक्षकाला कळल्याशिवाय पुढचं समजणारच नाही अशा एका बाजूला: कोणी आलं, कोणी गेलं, पत्र जाळलं, दिवे गेले. नटासाठी लिहिलेल्या दुसऱ्या बाजूला: ‘रागाने’, ‘खिडकीकडे जात’, ‘क्षणभर थांबून’. दुसरा ढीग वाचायचाच नाही. तो नटाच्या आवाजात आला पाहिजे. ‘रागाने’ असं निवेदकाने म्हणायचं आणि मग नटाने रागावायचं, यात तोच राग दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा फिका पडतो. पहिल्या ढिगातल्या सूचना वर्तमानकाळात, छोट्या वाक्यात पुन्हा लिहा. ‘एवढ्यात मागील दाराने हातात कंदील घेतलेली सुमन लगबगीने प्रवेश करते’ याचं ‘सुमन येते. हातात कंदील.’ एवढंच पुरतं.

निवेदक हा स्वतंत्र माणूस हवा, त्याला दुसरी भूमिका देऊ नका. म्हणजे तुमच्याकडे पात्रांसाठी पाच आवाज उरतात. एका कागदावर आडवे प्रवेश, उभी पात्रं असा तक्ता मांडा. एकाच प्रवेशात समोरासमोर येणारी दोन पात्रं एकाकडे जाता कामा नयेत, हा पहिला नियम. दुसरा नियम, लागोपाठच्या दोन प्रवेशांत एकाच माणसाची दोन मोठी पात्रं टाळा. आवाज बदलून फरक दाखवण्याच्या नादाला लागू नका. प्रत्येक पात्राच्या पहिल्या तीन-चार संवादांत समोरचा त्याला नावाने हाक मारेल, एवढी सोय लेखकाला विचारून करून घ्या. ऐकणाऱ्याला चेहऱ्यावरून पात्र ओळखता येत नाही, त्याला नावाचाच आधार असतो.

छपाईबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण वाचन अडखळतं ते बहुतेक वेळा इथेच. अक्षर १६ पॉइंट, ओळींमध्ये दीडपट अंतर, कागदाची एकच बाजू. पानाचा खालचा चौथा भाग कोरा ठेवा. पानाच्या तळाशी नजर गेली की मान खाली जाते, हनुवटी छातीला टेकते आणि आवाज स्टँडमध्येच बुडतो. एकाचा संवाद दोन पानांत तुटू देऊ नका. पान उलटायची जागा दुसऱ्याच्या लांब संवादात आली पाहिजे, त्यासाठी पान अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल. सगळ्यांच्या प्रतींचे पृष्ठांक सारखे हवेत, म्हणजे कोणी हरवलं तर शेजारी नुसतं बोट दाखवून पान सांगू शकतो. प्लास्टिकच्या पाकिटात पानं घालू नका, ती चकाकतात आणि वाजतात. पानं सुटी ठेवून डावीकडे सरकवत गेलात तर आवाज होत नाही. मात्र पंखा किंवा वारा असेल तिथे रिंगवाली फाइलच घ्या आणि रिंगा वाचन सुरू होण्यापूर्वीच बंद करा. आपले संवाद पिवळ्या हायलायटरने रंगवू नका. पिवळसर दिव्याखाली तो रंग दिसेनासा होतो. समासात पेन्सिलीची जाड उभी रेघ कुठल्याही उजेडात दिसते.

कोरीपाटी

वरच्या प्रतिसादातल्या कापणीशी मी पूर्ण सहमत नाही. दोन अंकी नाटक ४५ मिनिटांवर आणलं की हाती येतो तो गोषवारा. माणसांमधली शांतता, पाल्हाळ, उगाचच्या गप्पा हेच पुष्कळदा नाटक असतं आणि कापताना तेच आधी जातं. त्यापेक्षा पहिला अंक जसाच्या तसा वाचा, तिथे थांबा आणि पुढचा अंक दोन आठवड्यांनी त्याच जागी. दुसऱ्या वेळी सुरुवातीला निवेदकाने दोन मिनिटांत मागचं सांगायचं. वाचनालयासारख्या ठिकाणी, जिथे तीच माणसं पुन्हा येणार, तिथे हे चांगलं जमतं. लोकांना पुन्हा यायला कारणही मिळतं.

आणि ‘नवीन प्रेक्षक, म्हणून सोपं नाटक’ या समजुतीत अडकू नका. १९५७ मध्ये अमेरिकेत, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ झालं; दोन माणसं न येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहत राहतात, असं ते नाटक. तो पूर्ण प्रयोग होता, वाचन नव्हे, पण मुद्दा लागू पडतो. समोर सुमारे १४०० कैदी, बहुतेकांनी नाटक पाहिलेलं नाही, आणि जाणकार प्रेक्षकांनाही अवघड वाटलेलं ते नाटक त्यांनी लक्ष देऊन पाहिलं. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ यांनी सुरुवातीला त्यांच्याशी थोडंसं बोलून घेतलं होतं, अर्थ समजावला नव्हता. वाट पाहणं म्हणजे काय हे त्या प्रेक्षकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. जागेतल्या माणसांना विषय ओळखीचा असेल तर रचना अवघड असली तरी चालते. रचना सोपी पण विषय परका, हे मात्र कोसळतं.

संहितेचा कोपरा

@कोरीपाटी, तीच माणसं परत येणार याची खात्री असेल तर अंकाअंकाने वाचणं चांगलंच. गॅरेजमध्ये ती खात्री नाही. तिथे एका बैठकीत पुरं झालं पाहिजे. तेव्हा मी म्हणेन, तुमचं नाटक वाचनालयासाठी दोन भागांत ठेवा आणि गॅरेजसाठी दुसरी एकांकिका निवडा. तिन्ही जागांना एकच नाटक लागू पडलं पाहिजे, असा नियम कुठे आहे?

ध्वनिरेषा

मी फक्त आवाज आणि उजेड यांवर लिहितो.

जागा पाहायला जाल ती वाचनाच्याच वाराला, वाचनाच्याच वेळी. दुपारी शांत असलेली अभ्यासिका संध्याकाळी शेजारच्या रहदारीने भरून जाते. शेवटची खुर्ची जिथे येणार तिथे दोन मिनिटं डोळे मिटून बसा आणि ऐकू येणारे सगळे आवाज कागदावर लिहा: पंखा, ट्यूबलाइटची चोक, पाण्याचा कूलर, लिफ्ट. यातले तुमच्या हातात असलेले कोणते, ते त्यापुढे लिहा. कूलर आणि फ्रिज सर्वांत दगाबाज. पाहणीच्या वेळी कॉम्प्रेसर बंद असतो, आणि नेमका हळव्या प्रवेशात सुरू होतो. वाचनापुरते ते बंद करा आणि आपल्या गाडीची किल्ली त्यांच्यावर ठेवा, म्हणजे निघताना पुन्हा सुरू करायचं राहणार नाही. रुग्णालयात मात्र कुठलंही उपकरण विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, साधा पंखासुद्धा.

आता हिशेब. तयार नटाचा फेकलेला आवाज एक मीटरवर साधारण ७० डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) धरा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात: २ मीटरवर ६४, ४ वर ५८, ८ वर ५२. खोलीत भिंतींमुळे घट थोडी कमी होते. शब्द विनासायास कळायचे तर आवाज खोलीतल्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबलनी वर हवा. म्हणजे खोलीतला गोंगाट ४० असेल तर ८ मीटरवरच्या माणसाला माइकशिवाय ऐकू येईल. गोंगाट ५५ असेल तर तिसऱ्या-चौथ्या मीटरलाच शब्द निसटू लागतात. गोंगाट फोनवरच्या ॲपने मोजता येतो; ते मोजमाप अगदी काटेकोर नसतं, पण एकाच फोनने दोन जागा किंवा दोन वेळा यांची तुलना करायला ते पुरेसं आहे.

मग टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असा फडफडता आवाज परत आला तर समोरासमोरच्या दोन कडक भिंती आवाजाची टोलवाटोलवी करताहेत. गॅरेजमध्ये हे होणारच. उपाय सोपा, त्यांपैकी एका भिंतीवर जाड चादरी किंवा गोधड्या टांगा. भिंतीला चिकटवून नको, मध्ये वीतभर अंतर सोडून. वाचनालयाची जागा उलट सुखाची असते, पुस्तकांची भरलेली कपाटं आवाज शोषतात आणि विखुरतात. वाचणाऱ्यांना कपाटांकडे तोंड करून नव्हे, पाठ कपाटांकडे करून उभं करा आणि मागच्या बाजूला कोरी भिंत असेल तर तिथे शेवटची रांग टेकू देऊ नका. रिकाम्या खोलीत घुमणारा आवाज माणसं भरल्यावर कमी घुमतो, तेव्हा रिकाम्या खोलीतल्या तालमीवरून घाबरू नका.

लांबट खोली असेल तर वाचणाऱ्यांना लांब भिंतीच्या मध्यावर उभं करा. टोकाला उभं केलं की शेवटचा माणूस १२ मीटरवर जातो. मध्यावर उभं केलं की तोच ६-७ मीटरवर येतो. ही एक गोष्ट केली तर पुष्कळ ठिकाणी माइकची गरजच राहत नाही.

स्टँडची उंची: वरची कड छातीच्या मध्यापेक्षा वर नको, आणि पाट जवळपास आडवा ठेवा. व्यंजनं ज्यावर ओळखू येतात ती ऊर्जा साधारण २००० ते ४००० हर्ट्‌झमध्ये असते आणि असे वरच्या पट्टीतले आवाज अडथळ्याला वळसा घालून जात नाहीत. तोंडासमोर कागद आला की आवाज ‘मोठा’ ऐकू येतो, पण ‘प’ आणि ‘त’ यांत फरक कळत नाही. धातूच्या स्टँडवर पातळ काळं कापड घाला, पानं सरकताना खरखर होत नाही.

माइक लागलाच तर: दोघांत एक, डायनॅमिक (जवळचाच आवाज पकडणारा), तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, जरा बाजूने. टेबलावर ठेवलेला कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइक पानांचा, बांगड्यांचा, पाय हलवल्याचा असा सगळा आवाज गोळा करतो, तो नको. एक मोठा स्पीकर नको, दोन छोटे घ्या. ते माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे वर. आवाज एवढाच की स्पीकर चालू आहे हे लक्षात येऊ नये. बंद केल्यावरच फरक कळावा. सहापैकी तिघांनाच माइक, असं करू नका. ज्यांना नाही त्यांचे संवाद दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे वाटतात.

उजेडाचं एवढंच पाहा की वाचणाऱ्यांच्या मागे खिडकी नसावी, नाहीतर चेहरे काळे पडतात. दोन उभे दिवे, डोक्याच्या थोडे वर, डावी-उजवीकडून तिरपे, दोघांचा रंग सारखा. प्रेक्षकांवरचे दिवे पूर्ण घालवू नका. अनोळखी जागेत अंधार झाला की पहिल्यांदा आलेली माणसं अवघडतात, आणि ज्याला उठायचं त्याला वाट दिसत नाही.

पाराखालची रांग

प्रतीक्षालयाबद्दल स्पष्ट लिहिते: तिथे वाचन करू नका. तिथे बसलेला माणूस प्रेक्षक म्हणून आलेला नाही. त्याचा नंबर लागायचाय, कान नाव पुकारण्याकडे आहेत, कोणाला दुखतंय, कोणी अहवालाची वाट बघतंय. त्याला उठून जायची मोकळीक नाही, आणि जिथून उठून जाता येत नाही तिथे नाटक ऐकवणं हा बळजबरीचा प्रकार होतो. शिवाय वाचनाच्या आवाजात पुकारलेलं नाव ऐकू आलं नाही तर एखाद्याचा नंबर जाईल. त्याच रुग्णालयाकडे वेगळी खोली मागा. कर्मचाऱ्यांची सभेची खोली असते, बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाचा वर्गही असतो. प्रेक्षक म्हणून परिचारिका, कक्षसेवक, तंत्रज्ञ यांना बोलवा. पाळी बदलण्याच्या वेळेला जोडून ठेवा, २५ ते ३० मिनिटं, त्याहून जास्त नाही. एक पाळी सुटते, दुसरी लवकर येते. दोन्हीतले थोडे-थोडे लोक मिळतात. ज्यांना तातडीचं बोलावणं येऊ शकतं त्यांच्यासाठी दाराजवळच्या खुर्च्या राखून ठेवा आणि फोन बंद करायला सांगू नका. फक्त थरथरीवर ठेवायला सांगा.

हे कसं करता येतं याचा चांगला नमुना म्हणजे अमेरिकी दिग्दर्शक ब्रायन डोरीस यांचा ‘थिएटर ऑफ वॉर’ हा उपक्रम. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’ आणि ‘फिलोक्टिटीस’ या नाटकांतले प्रवेश ते सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर वाचून दाखवतात. नट टेबलामागे बसतात, नेपथ्य नाही. वाचन संपल्यावर नट बाजूला होतात आणि त्यांच्या जागी त्याच समूहातली चार-पाच माणसं येऊन बसतात: सैनिक, जोडीदार, उपचार करणारे. पहिलं बोलणं त्यांचं. मग संवाद सगळ्यांसाठी खुला. या रचनेतली महत्त्वाची गोष्ट ही की नाटकाबद्दल पहिला शब्द नाटकवाल्याचा नसतो. तुम्ही गॅरेजमध्ये वाचाल तेव्हा तिथल्या दोघांशी आधी बोलून ठेवा, ‘संपल्यावर मनात काय आलं ते तुम्ही आधी बोला’. काय बोलायचं ते मात्र सांगू नका.

चर्चा ठेवाच, पण १५ ते २० मिनिटं, आणि वाचनानंतर लगेच. मध्ये मोठी सुट्टी दिली की निम्मे लोक निघतात. ‘काही प्रश्न?’ असं विचारू नका. पहिल्यांदा नाटक ऐकणाऱ्याला वाटतं की परीक्षा चालली आहे, आणि मग जो नेहमी बोलतो तोच बोलतो. नेमकं विचारा: ‘कुठल्या पात्राची बाजू तुम्हाला पटली नाही?’ ‘कुठल्या वाक्याला कान टवकारले?’ ‘या घरात पुढच्या दिवशी सकाळी काय झालं असेल?’ तिसरा प्रश्न सर्वांत जास्त बोलतं करतो. संहिता नवी असेल आणि लेखकाला प्रतिक्रिया हव्या असतील तर नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची चार पायऱ्यांची पद्धत उपयोगी आहे. आधी लोक काय भिडलं ते सांगतात, मग लेखक आपले प्रश्न विचारतो, मग लोक मत न मिसळता प्रश्न विचारतात, आणि मत द्यायचं ते शेवटी, लेखकाची परवानगी घेऊन. गॅरेजसाठी मात्र हे जड होईल.

बोलावणं कसं करायचं? भित्तिपत्रकावर फार विसंबू नका. ती जागा चालवणारा माणूस तोंडी सांगेल तेव्हाच तिथली माणसं येतील. त्याला चार गोष्टी लिहून द्या: किती वेळ, किती माणसं वाचणार, गोष्ट कशाबद्दल, आणि मध्ये उठून गेलं तरी चालेल. तारखेच्या दोन आठवडे आधी एकदा, आदल्या दिवशी एकदा. पहिल्या बैठकीला तुमच्या नेहमीच्या नाटकवाल्या मित्रांना बोलावू नका, किंवा चार-पाचच बोलवा. ते पहिल्या रांगेत बसतात, ओळखीचे हसतात, चर्चेत संदर्भ देऊन बोलतात आणि नवीन माणूस गप्प होतो. वाईट हेतू नसतो कोणाचा, पण परिणाम तोच.

खुर्च्या अपेक्षेपेक्षा कमी मांडा आणि बाकीच्या मागे रचून ठेवा. ३० खुर्च्यांत २५ माणसं आणि ६० खुर्च्यांत २५ माणसं, यांत वाचणाऱ्याच्या आवाजातसुद्धा फरक पडतो. अर्धवर्तुळ, तीनच रांगा, रांगेपासून रांग किमान ९० सेंटिमीटर. दार प्रेक्षकांच्या मागे आलं पाहिजे. उशिरा येणारा वाचणाऱ्यांसमोरून गेला की सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळतात. गॅरेजमध्ये शटर रस्त्याकडे आहे म्हणता, तर वाचणारे आतल्या भिंतीला, प्रेक्षकांची पाठ शटरकडे. शटर अर्धं खाली ओढायचा मोह होतो, कारण आवाज कमी होतो. तसं करू नका. बाहेर पडायची वाट तीच आहे आणि खाली वाकून जाताना डोकी आपटतात. इंधन काढलेल्या गाड्या, उघडे डबे, तेलाने भिजलेली फडकी आधी बाहेर न्यायला लावा, आणि वास गेला की नाही ते वाचनाच्या तासभर आधी जाऊन बघा.

दुसरीघंटा

फार उपयोगी पडतंय, धन्यवाद. प्रतीक्षालयाबद्दलचं लगेच पटलं, रुग्णालयाकडे सभेची खोली मागतो. दोन गोष्टी राहिल्या. सुरुवातीला नेमकं काय बोलायचं? आणि तालमी किती, कशा? वाचनच आहे म्हणून आमच्यातले दोघं म्हणतात एक पुरे.

प्रॉम्प्टर

एक पुरत नाही, आणि आठही नकोत. फार तालमी झाल्या की संवाद पाठ होतात, नट कागदाकडे पाहायचं सोडतात, हातवारे सुरू होतात आणि ते धड वाचनही राहत नाही, धड प्रयोगही होत नाही. एका हातात संहिता आणि दुसऱ्या हाताने काल्पनिक पेला उचलणं दिसलं की प्रेक्षक पेला शोधू लागतो. तीन तालमी ठेवा, दोन-दोन तासांच्या.

पहिली टेबलाभोवती बसून. फक्त अर्थ, उच्चार, कोण कोणाशी बोलतंय. जे वाक्य वाचताना अडतं त्यात श्वास कुठे घ्यायचा ती खूण प्रतीवर करायची. दुसरी उभ्याने, स्टँडसह. यात नजरेचं काम. संवादाचे शेवटचे तीन-चार शब्द कागदावरून आधीच उचलून ठेवायचे आणि ते समोरच्या पात्राकडे बघत बोलायचे. त्याने उत्तर सुरू केलं की त्याचे पहिले शब्द संपेपर्यंत नजर तिथेच, मग कागदावर. डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं तर परतताना जागा सापडते. विरामाचीही तालीम इथेच. तीन सेकंदांपेक्षा मोठी शांतता सगळ्यांच्या माना कागदात असताना आली तर ऐकणाऱ्याला वाटतं की कोणाची तरी ओळ हुकली. तीच शांतता माना वर करून धरली तर ती पात्रांची होते. प्रवेशात नसलेल्याने बसायचं, प्रवेशात आल्यावर उभं राहायचं. येण्याजाण्याच्या निम्म्या रंगसूचना यानेच वाचतात. मात्र निवेदक ‘सुमन येते’ म्हणण्याच्या आधी सुमनने उभं राहायचं. नंतर उभं राहिलं तर आज्ञा पाळल्यासारखं दिसतं.

तिसरी प्रत्यक्ष जागेत, त्याच वेळी, पूर्ण, न थांबता. एकाने शेवटच्या खुर्चीवर बसून फक्त न कळलेले शब्द लिहायचे.

उशिरा सुरू करू नका, पण पहिली दोन पानं अशी निवडा की ती चुकली तरी गोष्ट कळेल. अनोळखी जागेत लोक बसेपर्यंत, खुर्च्या सरकेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

सुरुवातीचं बोलणं एका मिनिटाच्या आत. जागा चालवणाऱ्याने स्वागत करायचं, मग निवेदकाने. साधारण असं: ‘आम्ही सहा जण एक नाटक वाचणार आहोत. हातात कागद असतील, ते पाठ केलेलं नाही. मी मधे मधे कोण आलं, कुठे काय घडलं ते सांगेन. ४५ मिनिटं लागतील. कोणाला मध्येच जावं लागलं तर मागच्या दाराने खुशाल जा. संपल्यावर थोडा वेळ बोलू.’ नाटकाचं महत्त्व, लेखकाचे पुरस्कार, गटाचा इतिहास यांतलं काही नको. पात्रांची ओळख करून द्यायची असेल तर प्रत्येक वाचकाने उभं राहून फक्त नावं सांगावीत, ‘मी वसंत, आणि नंतर पोस्टमन.’

लोक उठून गेले तर नटांनी काहीही करायचं नाही. वेग वाढवायचा नाही, आवाज चढवायचा नाही. उठणाऱ्याकडे पाहिलं की राहिलेलेही त्याच्याकडेच पाहतात. व्यत्यय मोठा असेल, म्हणजे दिवे गेले, रुग्णवाहिकेचा भोंगा, मूल जोरात रडलं, तर थांबायचा निर्णय एकट्या निवेदकाचा. तो हात किंचित वर करेल, सगळे थांबतील, गोंगाट सरला की तो शेवटची रंगसूचना पुन्हा वाचेल आणि तिथून पुढे. म्हणून त्याच्या प्रतीत पानाला एक तरी अशी जागा आधीच खूण करून ठेवायची.

बरोबर न्यायचं: पूर्ण संहितेच्या दोन जादा प्रती, स्टँडवर अडकणारे बॅटरीचे दिवे (सेल नवे), कापडी चिमटे, पेन्सिली, वायर चिकटवायची रुंद पट्टी, एक्स्टेन्शन बोर्ड, पाणी. पाण्याच्या बाटल्या झाकण फिरवायच्या नकोत, उघडताना करकरतात. उघडे पेलेही स्टँडजवळ नकोत, पान उलटताना कोपर लागतो. खुर्चीखाली, उजव्या पायाशी ठेवायची जागा ठरवून घ्या.

दुसरीघंटा

ठरलं. वाचनालयात हेच नाटक अंकाअंकाने, दोन आठवड्यांच्या अंतराने. गॅरेजसाठी तीन पात्रांची एकांकिका बघतो. एक शेवटचं: गॅरेजमध्ये माइकशिवाय जमेल का? खोली ९ मीटर लांब, ५ रुंद. संध्याकाळी फोनवर गोंगाट ५० ते ५२ डेसिबल दिसला, शटर पूर्ण उघडं ठेवून.

ध्वनिरेषा

शटर कुठल्या भिंतीला ते लिहिलं नाहीत. ५ मीटरच्या भिंतीला असेल तर खोलीची पूर्ण लांबी वापरू नका. वाचणाऱ्यांना आतल्या भिंतीपासून एक मीटर पुढे घ्या आणि शेवटची रांग त्यांच्यापासून ५ मीटरच्या आत संपवा. साधारण २५ खुर्च्या, शटरकडचे तीन मीटर रिकामे. रस्त्याचा गोंगाट त्या तीन मीटरांत थोडा विरतो. तरीही फरक जेमतेम ५-६ डेसिबलचा राहतो, म्हणजे हळू बोललेली वाक्यं जातील. दोन पर्याय आहेत. वेळ तासाभराने पुढे ढकलून पुन्हा मोजा. ४५ च्या खाली आलं तर माइक नको. नाही आलं तर तीन वाचक आणि निवेदक मिळून दोन माइक, दोन छोटे स्पीकर, आणि वायर भिंतीच्या कडेने न्या, शटरच्या वाटेतून अजिबात नाही.

पाराखालची रांग

वेळ पुढे ढकलण्याआधी गॅरेजमधल्या कामगारांना विचारा. काम संपल्यावर तासभर थांबायला लागलं तर ते घरी निघून जातील, आणि ज्यांच्यासाठी वाचन आहे तेच नसतील. माइक लावणं परवडलं.